घसरलेला डबा लगेच न उचलायला शिकवणाऱ्या काकांना

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

आभार मानायचे ते कशाकशाचे, हे नाव घेऊनच सांगतो. मोघम आभार तुम्हाला पटायचे नाहीत. मॉडेल रेल्वेच्या टेबलाभोवती आज आजी-आजोबा, आईबाप आणि शाळकरी पोरं एकत्र उभी असतात आणि "हात लावू नकोस" असं कुणी कुणाला म्हणत नाही. हे तुमच्या एका नियमामुळे झालं: डबा घसरला की तो उचलायचा नाही, आधी जिथे पडलाय तिथेच बघायचा. उचलला की पुरावा गेला.

निरनिराळे डबे एकाच जागी घसरत असतील तर दोष रुळाचा, एकच डबा जागोजागी घसरत असेल तर दोष डब्याचा. एवढी फोड आठ वर्षांच्या मुलालाही करता येते. म्हणून वही त्याच्या हातात द्यायची आणि चार गोष्टी लिहून घ्यायच्या: जागा, डबा, दिशा, आणि इंजिन ओढत होतं की ढकलत होतं. दिशा लिहायला सगळे विसरतात. सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, सरकत्या पात्याच्या टोकाकडून येताना गाडी पडते आणि उलट बाजूने सुखरूप जाते, तर पातं रुळाला नीट टेकत नाही. बहुतेक वेळा तिथे खडीचा एखादा दाणा अडकलेला असतो, किंवा खडी चिकटवताना ओघळलेला फेव्हिकॉल वाळलेला असतो. ओढताना ठीक आणि ढकलताना पडत असेल तर कप्लरची (डबे जोडणाऱ्या आकड्याची) उंची तपासा, नाहीतर डबा हलका आहे.

वजनाचं तुमचं गणित तर मुलांनी पाठच केलंय. एनएमआरए या अमेरिकन संस्थेची १:८७ मापासाठीची (खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या गाडीसाठीची) शिफारस अशी: १ औंस मूळ वजन, वर लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. म्हणजे २८ ग्रॅम अधिक दर सेंटिमीटरला सुमारे ५.६ ग्रॅम. १५ सेंटिमीटरचा डबा ११२ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. कमी भरला तर लोखंडी वॉशर तळाला, दोन्ही बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या) मध्ये सारखे वाटून चिकटवायचे. छताजवळ वजन गेलं की वळणावर डबा कलंडतो. शिसं वापरायचं नाही, कारण टेबलाशी लहान हात असतात. आणि वजन वाढवण्याआधी चाकांच्या जोडीमधलं अंतर मापपट्टीवर बघायचं. एक चाक अक्षावर अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल तर कितीही वॉशर लावा, सांध्यात ते चढणारच.

रुळाचा दोष शोधायला तुम्ही नख वापरायला शिकवलंत. रुळाच्या आतल्या कडेवरून अंगठ्याचं नख हळू फिरवायचं. जिथे ते अडकतं तिथेच चाकाचा फ्लँजही (आतली उंच कडा) अडकतो. हे काम मुलांकडे देण्यात शहाणपण आहे, त्यांचं नख पातळ असतं आणि कंटाळा उशिरा येतो. अडकलं तर बारीक कानशीचे दोन-तीन हलके हात. वळणावरचा जोड मात्र कानशीने सुधारत नाही. वाकवता येणाऱ्या रुळाचा एक तुकडा साधारण ९१ सेंटिमीटरचा असतो आणि वाकवल्यावर त्याचं टोक सरळ व्हायला बघतं, म्हणून जोडाशी कोन पडतो. उपाय वाकवण्याआधी करायचा: दोन तुकडे सपाट फळीवर सरळ ठेवून जोडायचे, जोडाला सोल्डर द्यायचं, गार होऊ द्यायचं आणि मग पूर्ण लांबी एकदम वाकवायची. बाकी सरळ भागात जाड कार्ड जाईल एवढी फट अधूनमधून सोडायची. तापमान २० अंशांनी वाढलं तर १ मीटर निकेल सिल्व्हरचा रूळ फार तर एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. खोडी जास्त करतं ते खालचं लाकूड, दमट हवेत फुगतं आणि कोरड्यात आकसतं. (निकेल सिल्व्हरमध्ये चांदी नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं, हे ऐकून प्रत्येक पिढीतलं एक तरी माणूस हिरमुसतं.)

दोन तुकडे जोडणारी जोडपट्टी रूळ सरळ रेषेत धरण्यासाठी असते, वीज नेण्यासाठी नाही, हे तुमचं वाक्य टेबलाच्या खालच्या बाजूला खडूने लिहून ठेवलंय. नवीन असताना ती वीज नेते; वर्षा-दोन वर्षांत आत मळ बसतो आणि गाडी ठराविक ठिकाणी मंदावते. म्हणून टेबलाखालून २.५ चौरस मिलिमीटरच्या दोन मुख्य तारा आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला ०.५ चौरस मिलिमीटरच्या मुख्य तारेतून वीज आणणाऱ्या आखूड फीडर तारा, शक्यतो ३० सेंटिमीटरच्या आत. मग नाण्याची परीक्षा: डिजिटल पुरवठा (रुळातूनच इंजिनाला वीज आणि हुकूम दोन्ही देणारा) चालू ठेवून रुळांवर जागोजागी नाणं आडवं टेकवायचं. प्रत्येक वेळी बूस्टरने, म्हणजे रुळाला वीज देणाऱ्या यंत्राने, क्षणात वीज तोडली पाहिजे. एखाद्या जागी तुटली नाही, तर तिथवरच्या तारेत विजेला रोध जास्त आहे. खरा शॉर्ट झाला की तिथे वीज चालूच राहील आणि बोगीचं प्लास्टिक वितळेल. नाणं धरायचं काम मुलांचं, स्विचवर हात मोठ्याचा.

जुन्या इंजिनांसाठीचे आभार वेगळे मानायला हवेत. माळ्यावरच्या खोक्यातून आजोबांचं इंजिन निघालं की घरातल्या सगळ्यांना ते त्याच क्षणी पळवायचं असतं, आणि तिथेच ते जळतं. तुम्ही क्रम लावून दिलात. आधी ओतीव सांगाडा भिंगाखाली बघायचा. जस्ताच्या मिश्रधातूत ओतताना शिशासारखी भेसळ राहिली असेल तर धातू वर्षानुवर्षं आतून फुगतो आणि तडकतो. त्याला औषध नाही, ते इंजिन कपाटातच शोभतं. सांगाडा धड असेल तर चाकं हाताने फिरवून बघायची, वाळून गोंद झालेलं ग्रीस लाकडी काडीने काढायचं. कॉम्युटेटरच्या (मोटरच्या अक्षावरच्या, ब्रशकडून वीज घेणाऱ्या तांब्याच्या भागाच्या) खाचांमधली कार्बनची काळी भुकटीही काडीनेच काढायची, सुईने नाही, सुई तांब्यावर ओरखडा पाडते. तेल टाचणीच्या टोकावर मावेल तेवढं, फक्त बेअरिंगला. जास्त झालेलं तेल कॉम्युटेटरवर जातं, तिथे ठिणग्या वाढतात, आणि उरलेलं रबरी टायरवर उतरून चाकं जागच्या जागी फिरवतं.

आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, उगाच बाहेर काढायचं नाही. जुन्या मोटरमधलं अल्निको या मिश्रधातूचं चुंबक उघडं पडलं की त्याची ताकद उतरते. मग तेच इंजिन हळू धावतं, जास्त वीज ओढतं, तापतं, आणि दुरुस्ती करणाऱ्याला कळतच नाही की बिघाड त्यानेच केलाय. काढावंच लागलं तर चुंबकाच्या दोन टोकांवर आधी लोखंडी पट्टी ठेवायची.

अशा इंजिनात डिकोडर (डिजिटल हुकूम ओळखून मोटर चालवणारा छोटा भाग) बसवायचा हट्ट नातवापेक्षा बापाचाच जास्त असतो. त्यालाही तुम्ही नकार दिला नाहीत, मीटर दिलात. १२ व्होल्टवर मोटर क्षणभर हाताने थोपवून किती अँपिअर ओढते ते बघायचं. साधा डिकोडर १ अँपिअरच्या आसपासचा असतो आणि जुनी उघडी मोटर त्याहून जास्त सहज मागते. शिवाय तिचा एक ब्रश बहुधा थेट सांगाड्याला, म्हणजे रुळालाच जोडलेला असतो. तो वेगळा केल्याशिवाय डिकोडर लावला तर पहिल्याच फेरीत जळतो. आमचं मत विचाराल तर ते इंजिन साध्या १२ व्होल्टवरच राहू द्यावं. बाहेरची एक फेरी त्याच्यासाठी ठेवावी आणि मध्ये 'बंद' असलेला दुहेरी स्विच लावावा, म्हणजे दोन्ही पुरवठे एकाच वेळी रुळावर येणार नाहीत.

पण पोरं टेबलाशी टिकली ती आणखी एका गोष्टीमुळे. नुसती गोल फिरणारी गाडी मुलं दहा मिनिटं बघतात. तुम्ही त्यांना शंटिंग दिलंत, म्हणजे वाघिणी (मालडबे) पुढेमागे करून हव्या क्रमाने लावण्याचं कोडं. दोन सांधे, तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ): एकात ५ वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत ३-३. पुढच्या आखूड रुळावर इंजिन आणि ३ वाघिणी. एकूण वाघिणी ८ च. चिठ्ठ्या काढून ५ वाघिणी ठरवायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. ६,७२० प्रकारे गाडी लागू शकते, आणि आखूड वाघिणी घेतल्या तर १:८७ मापात हे सगळं दीड मीटरच्या फळीवर बसतं. लांबी मात्र कटाक्षाने पाळायची. पुढच्या रुळावर चौथी वाघीण मावली तर कोडं सोपं होतं, तिसरी अर्धी बाहेर राहिली तर सुटतच नाही. नातू कंट्रोलरवर, आजी चिठ्ठ्या घेऊन शंटर. ती म्हणेल तेव्हाच इंजिन हलणार. यात वयाचा फायदा कुणालाच नाही, आणि आजी बहुतेक वेळा जिंकते.

टेबलाची उंची १ मीटर आणि मुलांसाठी पायरी, कुठल्याही बाजूने ६० सेंटिमीटरच्या पलीकडे हात घालावा लागू नये, आणि आत जायला खाली वाकण्याऐवजी बिजागरीची फळी. हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत. वाकून जायची वाट करणाऱ्यांना दहा वर्षांनी गुडघे आठवण करून देतात. जागा वाचवायला दोन रुळांमध्ये ९ मिलिमीटर अंतर असलेला छोटा मार्ग घेण्याचा मोह तुम्ही मोडलात, त्याचंही कारण आता पटतं: एवढ्याशा बोगी रुळावर बसवणं सहा वर्षांच्या बोटांनाही जमत नाही आणि सत्तरीच्या डोळ्यांनाही. १६.५ मिलिमीटरवर दोघांनाही जमतं.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकत नाही. रूळ पुसायला तुम्ही घासणारा रबर वापरायचात; त्याने रुळावर पडणाऱ्या बारीक चरांत मळ लवकर बसतो. आता लिंट नसलेलं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही खिडकी उघडी ठेवून आणि वीज बंद करून.

आपले,
टेबलाभोवतीचे सगळे

ता. क. तुमची चाकं तपासायची मापपट्टी परत पाठवत नाही. ती टेबलाच्या कडेला दोरीने बांधली आहे, मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर.