निवेदन देण्याआधी सभासदांना विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यापारी-उद्योजक संघटनेच्या शिष्टमंडळाने मंत्र्यांची भेट घेतली, मागण्यांचे निवेदन दिले, ‘सकारात्मक विचार करू’ असे आश्वासन मिळाले, ही बातमी जिल्हा पानावर वरचेवर वाचायला मिळते. सोबत पुष्पगुच्छाचा फोटो असतो. मी शिरोलीत फाउंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना चालवतो आणि एका राज्यस्तरीय संघटनेचा जुना सभासद आहे. त्या निवेदनात नेमके काय होते आणि त्यातले मुद्दे कुणी ठरवले, हे मला बातमीतून कळत नाही आणि संघटनेकडूनही कळत नाही. वर्गणी भरणाऱ्या हजारो लहान सभासदांची हीच स्थिती असेल, म्हणून हे पत्र.

संघटनेच्या कागदावर समित्या भरपूर आहेत. ऊर्जा, कर, कामगार, निर्यात, लघुउद्योग, महिला उद्योजक. पण त्यांचे अध्यक्ष कार्यकारिणी नेमते आणि बैठक झालीच तर मुंबईत, कामाच्या दिवशी दुपारी होते. कोल्हापूरहून किंवा अकोल्याहून आठ-दहा कामगारांचा कारखानदार त्यासाठी एक दिवस बंद ठेवू शकत नाही. मग समितीत उरतात ते मुंबई-पुण्यातले सल्लागार आणि मोठ्या कंपन्यांचे अधिकारी. माणसे चांगली आहेत, अभ्यासूही आहेत. पण त्यांचा हिशेब वेगळा आणि आमचा वेगळा.

विजेचेच बघा. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट लागतात. आमच्या खर्चात कच्च्या मालानंतर विजेचाच नंबर. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत कित्येक वर्षे होती. त्यावर आमच्या अख्ख्या पट्ट्याचे वेळापत्रक बसले होते : दिवसा मोल्डिंग, संध्याकाळपर्यंत साचे तयार, रात्री भट्टी सुरू आणि ओतकाम. 2025 च्या दरनिश्चितीत सवलतीचे तास दिवसाकडे, म्हणजे सौर वीज मिळते त्या वेळेकडे वळवले गेले. शेजारच्या एका शिफ्टच्या मशिन शॉपला ते सोयीचे आहे. माझ्यासारख्याला नाही. भट्टी दिवसा लावायची तर मोल्डिंगची जागा, माणसे, क्रेन सगळ्यांची फेरमांडणी करावी लागते. शिवाय भट्टी आणि बाकीची यंत्रे एकाच वेळी चालली की कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी ओलांडली जाते आणि दंड बसतो तो वेगळाच.

सौर वीज दिवसा स्वस्त असेल तर वापर दिवसाकडे वळावा, हे धोरण म्हणून चूक आहे असे मी म्हणत नाही. पण एकाच संघटनेत फायदा होणारा आणि तोटा होणारा असे दोन्ही सभासद असताना तिने काय भूमिका घ्यायची? आमच्या संघटनेने ‘उद्योगांवरील वीजदराचा बोजा कमी करावा’ असे पत्र दिले. त्यावर कुणाचाच आक्षेप असणार नाही आणि म्हणूनच त्याचा उपयोगही होणार नाही. फाउंड्री, कापड प्रक्रिया, शीतगृहे, प्लास्टिक मोल्डिंग अशा क्षेत्रवार सभासद परिषदा असत्या, तर कुणाला किती फटका बसतो आणि बदलासाठी किती मुदत लागेल, हे आकड्यांत मांडता आले असते.

वीजदर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगापुढे तर अशा आकड्यांनाच किंमत असते. वीज कंपनीची याचिका जाहीर होते, सूचना-हरकतींसाठी मुदत मिळते, जनसुनावणी होते. आयोगाच्या अंतिम आदेशात हरकत काय होती, कंपनीने काय उत्तर दिले आणि आयोगाचा निष्कर्ष काय, हे मुद्द्यानुसार छापले जाते. नीट लिहिलेल्या हरकतीला तिथे लेखी उत्तर द्यावे लागते. मंत्र्यांच्या कार्यालयात दिलेल्या निवेदनाच्या प्रतीवर ‘प्राप्त’ असा शिक्का मिळतो, तेवढाच. तरीही आमच्या संघटनांची सगळी धडपड भेटीची वेळ मिळवण्यासाठी, आणि हरकतींची मुदत मात्र कुणाच्या लक्षातही न येता उलटून जाते. याचे मला फार वाईट वाटते, कारण ही हुकलेली संधी पुन्हा काही वर्षांनी येते.

दुसरा विषय थकलेल्या बिलांचा. तो याहून अवघड आहे, कारण तिथे सभासदच सभासदाचा देणेकरी आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, हे 2006 च्या कायद्यातच आहे. पण गिऱ्हाइकावर व्याजाचा दावा लावला की पुढची ऑर्डर गेली, म्हणून कुणी लावत नाही. मग आयकर कायद्यात कलम 43 बी (एच) आले. आर्थिक वर्ष 2023-24 पासून, मुदतीत न दिलेल्या बिलाची वजावट ते पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला आयकरात मिळत नाही. आमच्यासारख्या पुरवठादारांची बिले त्या मार्चमध्ये भराभर निघाली. त्याच वेळी देशभरातल्या अनेक व्यापारी संघटना ही तरतूद पुढे ढकला म्हणून मागणी करत होत्या. त्यांचीही अडचण खरी होती : नुसत्या व्यापाऱ्याला या कलमाचे संरक्षण नाही, त्याची स्वतःची उधारी तीन-चार महिने अडकलेली, आणि उत्पादकाचे पैसे मात्र त्याने 45 दिवसांत द्यायचे.

अशा वेळी राज्याच्या संघटनेने ‘आमच्या सभासदांचे म्हणणे असे आहे’ हे एकाच सुरात सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. पुरवठादारांची एक आणि व्यापाऱ्यांची एक, अशा दोन सभासद परिषदांचे दोन ठराव सरकारपुढे जावेत. खाली संघटनेने आपला तोडगा लिहावा. मतभेद दिसले तर संघटनेचे वजन कमी होते, असे पदाधिकारी म्हणतात. मला उलटे वाटते. आपल्यात कुणाचा तोटा होणार आहे हेही जी संघटना सांगते, तिच्या आकड्यांवर अधिकारी विश्वास ठेवतात.

‘लघुउद्योग समिती आहे की’ हे उत्तरही पुरेसे नाही. 1 एप्रिल 2025 पासून 100 कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला कारखाना ‘लघु’ आहे. नव्वद कोटीवाला आणि दोन कोटींचे जॉबवर्क करणारा यांना एकाच खुर्चीवर बसवले, तर बोलणार कोण हे सांगायला नको. परिषदेत सूक्ष्म उद्योगांच्या जागा राखीव हव्यात, आणि त्या निवडणुकीने भराव्यात.

एलबीटीचा (महापालिकांच्या स्थानिक संस्था कराचा) दाखला देऊन काही ज्येष्ठ सांगतात, रस्त्यावर उतरल्याशिवाय सरकार हलत नाही. 2013 चा तो बंद मला आठवतो. 50 कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांचा एलबीटी 1 ऑगस्ट 2015 पासून गेला, त्यात त्या आंदोलनाचा वाटा होताच. पण तिथे बहुतेक सगळ्यांचे दुखणे एक होते. आजचे प्रश्न तसे राहिलेले नाहीत. पुरवठादाराने जीएसटी भरला नाही म्हणून खरेदीदाराचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट अडकते. त्यावर बंद पुकारून काय साधणार? तिथे कायद्याच्या कलमातला नेमका बदल सुचवावा लागतो आणि तो राज्याच्या अर्थमंत्र्यांमार्फत जीएसटी परिषदेपर्यंत न्यावा लागतो.

वालचंद हिराचंद यांनी 1927 मध्ये महाराष्ट्र चेंबरची स्थापना केली, पुण्यात 1934 मध्ये मराठा चेंबर उभे राहिले. परकीय सरकारपुढे देशी उद्योगाची बाजू मांडायला तेव्हा एक आवाज हवा होता आणि त्या पिढीने तो मिळवून दिला. त्या पिढीबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्यापुढे निदान समोरचा पक्ष स्पष्ट होता. आज आमच्यातच बाजू आहेत, आणि त्या नोंदवण्याची जागा संघटनेने तयार करायला हवी.

मागणी साधी आहे. क्षेत्रवार सभासद परिषदा स्थापन व्हाव्यात. प्रत्येक निवेदनाचा मसुदा सरकारकडे जाण्याआधी निदान दहा दिवस सभासदांना मिळावा, मराठीत. परिषदेच्या बैठका ऑनलाइन आणि संध्याकाळी सातनंतर व्हाव्यात. दिलेल्या निवेदनाचे पुढे काय झाले, हे दर तिमाहीला लेखी कळावे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा उद्योग मित्र समितीत जे प्रश्न अडकतात, ते त्या-त्या परिषदेने राज्य पातळीवर उचलावेत.

आपल्यालाही एक विनंती. अशी बातमी देताना फोटोची जागा थोडी कमी करून निवेदनातले दोन मुख्य मुद्दे छापावेत. येत्या वार्षिक सभेत मी हा ठराव मांडणार आहे. त्याला अनुमोदक हवा आहे. हे पत्र वाचणाऱ्या इतर जिल्ह्यांतल्या सभासदांनी आपापल्या संघटनेत असाच ठराव सूचनेच्या मुदतीत लेखी द्यावा. आयत्या वेळी मांडलेला विषय अध्यक्षांच्या परवानगीवर राहतो.

आपला,
एक फाउंड्रीचालक
शिरोली, जि. कोल्हापूर