पऱ्याचा बांध

मस्कत, 3 नोव्हेंबर

ति. तात्यांस,
कृ. सा. न. वि. वि.

फोन रोज होतो, तरी आज कागद घेऊन बसलो. पाण्याचा विषय काढला की तुम्ही "ते जाऊ दे, जेवलास का?" म्हणता आणि बोलणं तिथेच राहतं. हे पत्र वाडीच्या बैठकीत वाचून दाखवा, एवढ्यासाठी सविस्तर लिहितो.

मे महिन्यात सुट्टीवर आलो होतो तेव्हा एका पहाटे वहिनीबरोबर पऱ्यावर, म्हणजे वाडीच्या ओढ्यावर, गेलो. विहिरीचा तळ दिसायला लागला होता, म्हणून बायकांनी पऱ्याच्या वाळूत हातभर खड्डा खणला होता. वहिनी काठाशी उकिडवी बसली आणि करवंटीनं पाणी काढून कळशीत ओतायला लागली. आठ-दहा करवंट्या झाल्या की खड्डा कोरडा. मग पाणी झिरपून वर येईपर्यंत बसून राहायचं. तळाची वाळू ढवळू नये म्हणून करवंटी कशी तिरकी धरायची, तेही तिनं मला दाखवलं. एक कळशी भरायला अर्धा तास लागला. मागे सहा जणी चुंबळी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांत आपली आई होती. तिचं सत्तरावं वर्ष चालू आहे, तात्या. ती अंधारात कातळाचा सडा उतरून पाण्याला जाते, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तर मुळीच नाही.

ग्रामीण नळयोजनेचं सरकारी माप माणशी रोज 55 लिटर आहे. आपल्या कळशीच्या हिशेबानं पाच कळशा. घरात तुम्ही चौघं, म्हणजे वीस कळशा. वहिनीच्या अर्ध्या तासानं वीसला गुणून बघा, दिवस पुरत नाही. नळ आपल्या अंगणात आलाय, पण तो ज्या विहिरीवर आहे तीच एप्रिलात आटते, तर नळ काय देणार?

इथे मस्कतला माझं कामच पंपांचं, त्यामुळे पाण्याकडे लक्ष जातं. गेल्या महिन्यात आमच्या ओमानी मुकादमाबरोबर निझवा नावाच्या जुन्या शहरात गेलो. तिथे दारिस नावाचा फलज आहे. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी उतारानं गावापर्यंत आणणारा पाट, पंपाशिवाय. असे तीन हजारांच्या वर पाट या देशात आजही चालू आहेत, आणि त्यांतल्या पाचांना युनेस्कोनं 2006 साली जागतिक वारशात घेतलंय. इथे वर्षाला सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्या रत्नागिरीत चार महिन्यांत 3000 च्या वर पडतो.

पाट बघून मी थक्क झालो, पण मनात राहिली ती त्यांची रीत. पाणी गावात शिरतं तिथे आधी पिण्याचं, तिथे कुणालाही भरता येतं. मग मशिदीचं आणि धुण्याचं, आणि शेवटी बागांचं. शेतीचं पाणी वेळेवर वाटलेलं असतं, कुणाचा अर्धा तास, कुणाचा दोन तास. पूर्वी दिवसा सावली बघून आणि रात्री तारे बघून वेळ मोजायचे. काही वेळ मात्र कुणाच्याच मालकीची नसते, खुद्द फलजाची असते. तिचा लिलाव होतो आणि तो पैसा पाटाच्या डागडुजीलाच लागतो. पाट नेहमी दुरुस्त राहावा याची सोय त्यांनी पाण्यातच करून ठेवलीय.

परत येताना गाडीत मला आपला बांध आठवला. तुम्हीच सांगायचात की आजोबांच्या वेळी दिवाळी झाली की घरटी एक माणूस यायचा आणि धोंडे, माती, पेंढा घालून दोन दिवसांत पऱ्या अडवायचे. वायंगण शेतीसाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातासाठी. त्या भातासाठी पाणी तुंबायचं आणि ते हळूहळू मुरून खालच्या विहिरीला जायचं. तेव्हा विहीर आगोटीपर्यंत, पाऊस लागेपर्यंत, आटत नसे, असंही तुम्हीच सांगता. पुढे माणसं मुंबईला गेली, वायंगण पडीक राहिलं, बांधाचं कारण संपलं असं सगळ्यांना वाटलं. तो विहिरीचाही बांध होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आपला जांभा दगड चाळणीसारखा, उतार तीव्र, सह्याद्रीपासून समुद्र 50-60 किलोमीटर. अडवलं नाही तर पाणी थांबेल कशाला?

टँकर बंद करा असं मी म्हणत नाही. मेमध्ये तो यायलाच हवा, तहानेला दुसरा उपाय नाही. पण ज्या वाडीला टँकर लागला, त्या वाडीच्या पऱ्यावर पुढच्या दिवाळीनंतर बांध झालाच पाहिजे, असा सक्तीचा नियम हवा. रोजगार हमीचा कायदा देशात सगळ्यांत आधी आपल्या महाराष्ट्रानं 1977 साली केला. पाणी अडवण्याचं काम त्यात पहिल्यापासून बसतं. मग गावातल्या हाताला मजुरी आणि विहिरीला पाणी दोन्ही का मिळू नये? कोयनेचं वीज करून सोडलेलं पाणी वाशिष्ठीतून समुद्राला जातं, ते अडवून कुठे कुठे न्यायचं हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. ते होईल तेव्हा होवो. आपल्याला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या लागतील, बस्स. महाड तालुक्यातल्या नाते गावचे मोहन धारिया, त्यांच्या वनराई संस्थेच्या नावानं हे गोण्यांचे बंधारे ओळखले जातात. माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं, विटांसारख्या सांधा चुकवून रचायच्या.

आता बोलायला अवघड गोष्ट. मुंबईच्या मंडळानं सभामंडपाची वर्गणी काढलीय, माझे दहा हजार त्यात आहेत. देवाच्या कामाला माझी ना नाही. पण यंदा त्यातून बांधाचा खर्च आधी काढावा, आणि पुढे दर वर्षी पालखीच्या वर्गणीत बांधाचा वाटा वेगळा धरावा. त्याला हात लावायचा नाही. गावचे मानकरी गावकार नाराज होतील, तुम्हाला बोल लागेल, मला माहीत आहे. तरी तुम्हीच हे मांडा, कारण जुना बांध बघितलेले आता वाडीत तुम्ही आणि वरच्या घरचे काका दोघंच उरलात. जागा तुम्हालाच दाखवावी लागेल. आणि बैठकीला बायकांना बोलवा. पाणी त्या भरतात.

पऱ्या अजून वाहता असेल, डिसेंबर लागला की धार बारीक होते, म्हणून घाई करतोय. गोण्यांचे आणि चहापाण्याचे पैसे दादाच्या खात्यात सोमवारी टाकतो. जुन्या बांधाच्या जागेवर उभं राहून दादानं पऱ्याचा फोटो पाठवावा, म्हणजे किती गोण्या लागतील ते मला इथून सांगता येईल.

आईला साष्टांग नमस्कार. तिला सांगा, पहाटेची एकटी जाऊ नकोस. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
बाबू