‘रिकामं’ म्हणजे नेमकं काय, हे शिकवणाऱ्या काकूंना

काकू, सा. न.

समोर आभार मानायला गेले की तुम्ही म्हणता, “आभार परक्यांचे मानतात.” म्हणून चारचौघांत लिहितेय. इथं तुम्हाला मला गप्प करता येणार नाही.

किराणा दुकानदारांच्या उधारीच्या ॲपचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा फाइलमध्ये एकच इंग्रजी शब्द जागोजागी होता : ‘एम्प्टी’. यादी, खातं, कप्पा, शिल्लक, सगळीकडे तोच. समोर मराठीचा रकाना. छापखान्यात उभा जन्म मुद्रितं तपासण्यात गेलेला, त्यामुळे तुम्ही कागदावरच हवं म्हणालात. ओळीखाली पट्टी धरून, लाल पेन हातात घेऊन, एकेक शब्द मोठ्यानं वाचलात आणि दर वेळी एकच विचारलंत, “आधी तिथं काय होतं?”

त्या प्रश्नानं सगळा रकाना सुटला. आत काही ठेवता येतं आणि आत्ता नाही, ते रिकामं. म्हणून कप्पा रिकामा, यादीही रिकामी. होतं ते ओतून किंवा देऊन संपलं, तर रितं. घागर रिती होते, हातही. माणसं होती आणि निघून गेली, तर ओस. 2020च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले, आपल्या जिन्याखालची सायकलींची जागा नाही. मुळातच आत काही नाही ते पोकळ, त्यात बांबूचा काय दोष? आश्वासनाचा मात्र असतो. आणि कुणी येऊन बसावं म्हणून आहे ती जागा मोकळी. रिक्त हा तुमच्या मते जाहिरातीतला शब्द, ‘रिक्त पदे’पुरता. दुकानदाराला ‘आपली यादी रिक्त आहे’ म्हटलं तर तो मुलाचा नोकरीचा अर्ज पाठवेल, म्हणालात!

त्याच ओघात तुम्ही पंचांग काढलंत. चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या रिक्ता तिथी, नव्या कामाला वर्ज्य मानलेल्या. आणि गणपती बसतात चतुर्थीला, राम जन्मतो नवमीला, अनंताची पूजा चतुर्दशीला. यावर तुम्ही काही भाष्य केलं नाहीत, नुसत्या हसलात. मग रेचक, विरेचन, अतिरिक्त हे सगळे एकाच ‘रिच्’ धातूचे, हे जाता जाता सांगून टाकलंत. अतिरिक्तमध्ये रिक्त दडलेलं असतं हे इतकी वर्षं रोज लिहूनही माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

खरी अडचण शिल्लकेची होती. ‘शिल्लक रिकामी’ कानाला खटकत होतं, पण का ते सांगता येईना. तुम्ही ब्रह्मगुप्तापर्यंत गेलात. इ.स. 628 मध्ये त्यानं नियम घातला : धन आणि ऋण सारखे असतील तर त्यांची बेरीज शून्य. धन म्हणजे जवळचं, ऋण म्हणजे देणं. म्हणजे जमा आणि नावे जुळले की जे उरतं ते शून्य. त्या गिऱ्हाइकाचं खातं रिकामं नसतं, उलट पानभर नोंदी असतात. फक्त कुणाचं कुणाला देणं राहिलेलं नसतं. दुकानदाराला यापेक्षा आनंदाची गोष्ट कोणती? तिथं ‘शिल्लक शून्य’ गेलं आणि त्याचा रंगही लालऐवजी हिरवा करा असं मी कळवलं. त्यांनी केला.

हाच शून्य झिजून घरात ‘सुनं’ झाला, हेही तुमच्याचकडून कळलं. लेक सासरी गेली की घर सुनंसुनं वाटतं. सामान तेवढंच असतं, माणसंही असतात. कमी काय आहे ते बोलणाऱ्यालाच ठाऊक. तो शब्द ॲपमध्ये कुठेही लागणार नव्हता, तरी त्यावर तुम्ही अर्धा तास बोललात. चहा दोनदा झाला.

एका ठिकाणी मात्र मी तुमचं ऐकलं नाही. तांदूळ ‘संपले’ म्हणू नये, ‘वाढले’ म्हणावं, तसंच मालाच्या सूचनेत लिही, हा तुमचा आग्रह. घरात मीही तसंच म्हणते. पण ‘तांदूळ वाढले’ वाचून गल्ल्यावर बसलेला पोरगा नवी ऑर्डर देणारच नाही, म्हणून ‘माल संपला’ ठेवलं. यावर तुम्ही पेनाचं टोपण लावलंत, एवढंच. रागावला नसाल अशी आशा आहे.

आता पुढची फाइल आली आहे. तिच्यात तसाच एक शब्द सगळीकडे पसरलाय : ‘पेंडिंग’. बाकी, थकीत, प्रलंबित, रखडलेलं, यांतलं कुठं काय बसवायचं? कागद छापून ठेवलेत, शनिवारी दुपारी खाली येते. पट्टी तयार ठेवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची