अल्बमचे तुकडे सांधून देणाऱ्या ताईंना जाहीर पत्र

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

नॅव्हिड्रोमवर (घरच्या संग्रहातली गाणी ऐकवणारा सर्व्हर) एकाच चित्रपटाची आठ गाणी सहा अल्बमांत विखुरलेली दिसली की सल्ला ठरलेला असतो: डेटाबेस उडवा, पुन्हा स्कॅन करा. तुम्ही आधी विचारलंत की दोन गाणी एकाच अल्बमची आहेत हे सर्व्हर ठरवतो तरी कशावरून. आमच्यासारख्या घरच्या सर्व्हरवर मराठी गाणी सांभाळणाऱ्यांचे कितीतरी तास त्या एका प्रश्नाने वाचले. म्हणून हे पत्र, आणि जाहीर अशासाठी की पुढच्यांनाही उपयोग व्हावा.

नॅव्हिड्रोमच्या ०.५५ आवृत्तीपासून हा नियम पीआयडी नावाच्या सेटिंगमध्ये लिहिलेला आहे. टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या गाण्याच्या माहितीत, म्युझिकब्रेन्झ या ऑनलाइन संगीतकोशाचा अल्बम आयडी असेल तर तोच प्रमाण. नसेल तर अल्बम आर्टिस्ट (सबंध अल्बम ज्याच्या नावावर तो कलाकार), अल्बमचं नाव, आवृत्ती आणि प्रकाशनाची तारीख, या चारांची मिळून एक ओळख. चारांपैकी एकात फरक पडला की अल्बम वेगळा. फोल्डरला इथे काडीची किंमत नाही. जेलीफिन या दुसऱ्या सर्व्हरचा हिशेब मात्र फोल्डरवर चालतो, एक फोल्डर म्हणजे एक अल्बम. त्यामुळे तिथे शहाण्यासारखा वागणारा संग्रह इथे आणला की फुटतो.

चित्रपटगीतं आणि नाट्यगीतं फुटतात ती मुख्यतः अल्बम आर्टिस्ट रिकामा असल्याने. तो नसला की सर्व्हर गाण्याचा आर्टिस्ट उचलतो, आणि आपल्याकडे दर गाण्याला गायक वेगळा. उपाय दोनच. एक तर सगळ्या गाण्यांना एकच अल्बम आर्टिस्ट द्यायचा (आम्ही संगीतकाराचं नाव देतो), नाहीतर ती चौकट रिकामी ठेवून सगळीकडे कंपायलेशनचा (अनेकांच्या गाण्यांचा संच) टॅग १ करायचा, म्हणजे अल्बम ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’खाली जातो. अर्ध्या गाण्यांना हे आणि अर्ध्यांना ते केलं की झालेच दोन अल्बम. एमपी३ फाइलीत अल्बम आर्टिस्ट टीपीई२ या चौकटीत बसतो. आयडी३च्या (एमपी३ टॅगच्या मांडणीच्या) मूळ व्याख्येत ती जागा वाद्यवृंदाची होती, म्हणून तिथे कधी भलतंच नाव सापडतं.

दुसरी खोड पिकार्ड या टॅग भरणाऱ्या प्रोग्रॅमची, किंवा खरं तर आपल्या घाईची. ‘स्कॅन’ दाबलं की पिकार्ड दर गाण्याचा ध्वनिठसा स्वतंत्रपणे ताडून बघतं. तेच ध्वनिमुद्रण मूळ रेकॉर्डवर, पुढे कॅसेटवर आणि नंतर कुठल्या ‘सर्वोत्तम’ संचातही आलेलं असतं, मग पाच गाणी एका प्रकाशनाला चिकटतात आणि तीन दुसऱ्याला. आयडी वेगळे, अल्बम वेगळा. संपूर्ण अल्बम हाताशी असेल तर आधी ‘क्लस्टर’ (गाणी एका अल्बमात गोळा करणं) आणि मग ‘लुकअप’ (त्या अल्बमाचा एकत्र शोध), हा तुम्ही सांगितलेला क्रम आता आमच्या हातात बसलाय. आणि एखाद्याच गाण्याला आयडी मिळाला नाही तर बाकीच्यांचे तसेच सोडू नयेत. ते एकटं गाणं चार गोष्टींच्या ओळखीवर जाऊन बाहेर पडतं. एक तर सगळ्यांना आयडी, नाहीतर कुणालाच नाही.

पण खरे आभार ‘दुसऱ्या’ या शब्दासाठी. ‘दुसऱ्या दिवसाची मैफल’ नावाचे दोन अल्बम शेजारी शेजारी, अक्षर न् अक्षर सारखं, तरी वेगळे. तुम्ही अक्षरं सुटी करून दाखवलीत. एकात ऱ, हलन्त, य. म्हणजे यू+०९३१ (अक्षराचा युनिकोड क्रमांक) पासून सुरुवात. दुसऱ्यात साधा र (यू+०९३०), हलन्त, मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, आणि य. पडद्यावर दोन्हींचा ऱ्य तोच, पण सर्व्हरला शब्द दोन. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) करूनही हे जुळत नाहीत. तीच गत ॲ या अक्षराची: एक कीबोर्ड एकसंध ॲ (यू+०९७२) देतो, दुसरा अ (यू+०९०५) वर चंद्र (यू+०९४५) ठेवतो. इंग्रजीत टॅग करणाऱ्यांना हा ताप कळायचाही नाही.

डोळ्यांना न दिसणारा हा फरक पकडायची तुमची युक्ती फार साधी. एमपी३टॅग या टॅग सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये अल्बमची सगळी गाणी निवडायची. ज्या चौकटीत ‘कीप’ दिसेल तिथे गाण्यागाण्यात फरक आहे. मग एका गाण्यातलं नाव कॉपी करून सगळ्यांना चिकटवायचं, पुन्हा टाइप करायचं नाही.

उलटा आजारही असतो. ‘भक्तिगीते’ नावाचे दोन निराळे संच, दोन्ही ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’, तारीख कुणालाच नाही, की त्यांचा एकच अल्बम होतो. खूण: क्रमांक १ ची दोन गाणी. आवृत्तीच्या टॅगमध्ये कंपनीचं नाव किंवा ‘कॅसेट’ एवढं लिहिलं की सुटे होतात. दोन सीडींच्या संगीत नाटकाला मात्र नावात ‘भाग १’, ‘भाग २’ लिहू नये; नाव एकच ठेवून डिस्क क्रमांक भरावा.

घरगुती मैफलींच्या ध्वनिमुद्रणांसाठी पीआयडीच्या अल्बम नियमात नुसतं ‘फोल्डर’ लिहायची सोय आहे, पण तो नियम सगळ्या संग्रहाला लागतो आणि सीडी १, सीडी २ असे उपफोल्डर मग वेगळे अल्बम होतात. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

टॅग सुधारूनही सर्व्हरवर काही बदलत नसेल तर पिकार्डमधला फाइलींचे टाइमस्टॅम्प (शेवटच्या बदलाची वेळ) जपण्याचा पर्याय बघावा. तो चालू असला की फाइलीची वेळ बदलत नाही आणि सर्व्हरचा झटपट स्कॅन तिला शिवतही नाही. पूर्ण स्कॅन द्यावा.

तुमच्या यादीत आमची एक भर: ‘पं.भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘भीमसेन जोशी’ हे सर्व्हरच्या लेखी तीन गायक आहेत. आम्ही टॅगमधून पं. आणि उस्ताद काढून टाकलेत. तुमची हरकत असेल तर कळवा.

लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपले,
घरच्या सर्व्हरवर गाणी ऐकणारे काही जण