बरं आहे काढ

प्रिय शैले,

आठ महिने झाले. तू मोजले नसतीलच, मी मोजलेत. शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, "नंदे, तू समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाहीस, एक दिवस कुणीतरी तुझ्यामुळे मुका होईल," आणि ठेवून दिलास. मी त्यावर महिनाभर रागावले, मग दोन महिने लाज वाटली, आणि त्यानंतर नुसता आळस. आज लिहितेय, कारण असं काही घडलंय की ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "अगं, होतं असं" म्हणून मोकळे होतील. तू तसं म्हणणार नाहीस. तू आधी हसशील आणि मग मला फाडून खाशील. दोन्ही हवंय.

तब्येतीचं उरकते. आईचा गुडघा आहे तसाच, माझा चष्मा बदलला, बाकी सगळे धड.

दादाचं तुला कळत असणारच, म्हणून पहिल्यापासून सांगत नाही. बोलणं गेलं, हात गेले. आता उजव्या अंगठ्याचं वरचं पेर तेवढं त्याच्या हुकमतीत आहे. त्या पेराखाली एक स्विच बांधलाय आणि त्या एका स्विचवर त्याचं सगळं बोलणं चालतं. पडद्यावर कीबोर्ड असतो, त्यावर एक उजेड ओळीओळीने खाली सरकत जातो. हवी ती ओळ आली की दाबायचं, मग उजेड त्या ओळीतल्या घराघरातून जातो, हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. दाबायच्या आधी त्याच्या नखाची कड पांढरी होते. ते बघत बसायची मला सवयच लागली होती.

हे सगळं आयतं मिळतं, मला ठाऊक आहे. विंडोजच्या ऑन-स्क्रीन कीबोर्डात तीन तऱ्हा असतात. क्लिक करा, नाहीतर बाण अक्षरावर नुसता धरून ठेवा, नाहीतर असा फिरता उजेड. पहिली बादच होती. दुसरी आम्ही नजरेवर चालवून पाहिली. डोळा जिथे थांबेल ते अक्षर उमटतं. पण माणूस डोळे काय नुसते लिहायला वापरतो? तो खिडकीकडे बघायला निघाला की वाटेत तीन अक्षरं पडायची. हात लावेल त्याचं सोनं होणाऱ्या मिडास राजाच्या नावाने ओळखतात म्हणे हा घोळ. दादाची एक अख्खी संध्याकाळ 'पपपप' खोडण्यात गेली.

म्हणून तिसरी तऱ्हा. आता तुझ्या लाडक्या इन्स्क्रिप्टबद्दल. डावीकडे स्वर आणि काना-मात्रा, उजवीकडे व्यंजनं, दोन्ही हात आलटून पालटून चालावेत म्हणून केलेली मराठी कीबोर्डाची सुंदर मांडणी आहे, १९८६ पासूनची, मान्य. (हो, मान्य. भित्तिपत्रकाच्या वेळी नाही केलं, आता करते.) पण ज्याला एकच पेर आहे त्याला डावं-उजवं काय करायचंय? त्याच्यासाठी एकच हिशेब, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून किती लांब. त्यावरून आठवलं, मी रोमन अक्षरांतून मराठी टाइप करायचे तेव्हा तू "कुबड्या घेऊन चालतेस" म्हणाली होतीस. तेव्हा मी हसले होते. आता तो शब्द घरात कुणी वापरत नाही.

तर मी स्वतः मांडायला बसले. आठ ओळी, आठ घरं, बुद्धिबळाच्या पटासारखी चौसष्ट. उजेड एका जागी सव्वा सेकंदाच्या जरा आत थांबतो, बरोबर १.२. पहिलं घर दोन टप्प्यांत मिळतं, म्हणजे अडीच सेकंदही नाहीत. शेवटचं सोळा टप्प्यांवर, १९ सेकंद. वेग वाढवला तर अंगठा चुकतो, आणि चूक खोडायला पुन्हा तोच प्रवास. अंगठा कधी थरथरून दोनदा दाबला जातो, म्हणून पहिल्या दाबानंतर अर्धा सेकंद स्विच बहिरा करून ठेवला.

सगळ्यांत जास्त लागणारी अक्षरं कोपऱ्यात घालावीत असं मी ठरवलं होतं. दादाने साफ नाही म्हटलं. त्याला बाराखडीची शिस्त हवी, अक्षर कुठे असेल ते न बघता कळायला हवं. त्याचंही बरोबर होतं, शोधण्यात वेळ गेला तर मांडणी कितीही हुशार असली तरी फुकट. काना-मात्रा वर घेतल्या, खाली क-ख-ग. क आणि च वर्ग मिळून दहा अक्षरं होतात आणि माझ्या ओळीत घरं आठ, तेव्हा ङ आणि ञ काढून टाकले. कोण वापरतं? ऱ पण काढला, र आहे की. चार दिवसांनी बघते तर हा माणूस एकाच शब्दाशी अर्धा तास झगडतोय. काय लिहायचं होतं? 'वाङ्मय'. आणि नंतर 'ऱ्हस्व'. नुसता र घेऊन पायमोड केला की रफार ह-च्या डोक्यावर चढतो, आणि तसलं काही दादा पडद्यावर एक क्षणही राहू देईना. तीस वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासलेला माणूस, त्याच्या कीबोर्डावरून मी ऱ काढला! तू असतीस तर पहिल्या दिवशी सांगितलं असतंस. ते परत आणले, सोबत त्र, क्ष, ज्ञ, श्र यांना आपापलं एकेक घर दिलं, तुझ्या इन्स्क्रिप्टमध्ये आहे तसं. तीन निवडींचं काम एकीत होतं.

इथवर मी स्वतःवर फार खूश होते. मग मी पहिल्या ओळीत तयार वाक्यं घातली. पाणी हवं. कूस बदला. दिवा बंद. आणि पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात, दोन टप्प्यांवर, 'बरं आहे'.

आता गणित कर. तू गणितात बरी होतीस. "कसं वाटतंय?" असं कुणी विचारलं की 'बरं आहे' अडीच सेकंदांत. आणि 'बरं नाही' म्हणायचं तर आठ निवडी, एकेकीला सरासरी आठ टप्पे, जवळजवळ सव्वा मिनिट. सव्वा मिनिट, समोरचा माणूस उभा, चेहऱ्यावर ते समजूतदार हसू. तू काय दाबशील?

दोन महिने तो 'बरं आहे' म्हणत होता. डॉक्टरांना बरं आहे, आईला बरं आहे, मला दिवसातून चारदा बरं आहे. मी सगळ्यांना सांगत सुटले की दादा आता किती शांत झालाय.

मागच्या गुरुवारी संध्याकाळी त्याने 'बरं आहे' दाबलं, आणि उजेड थांबवला नाही. मग क. मग काना. मग बराच वेळ काही नाही, आणि ढ. ढ सहाव्या ओळीत आहे, चौथ्या घरात, नुसता तिथपर्यंत जायला बारा सेकंद. पडद्यावर आलं, 'बरं आहे काढ'.

मी म्हटलं, काय काढू? पांघरूण? काढलं. त्याने डोळे मिटले. (नाही म्हणायचं असलं की तो डोळे मिटतो.) चष्मा? काढला. आता त्याला पडदाही दिसेना, पुन्हा चढवला. पायमोजे काढले. पाठीमागची उशी काढली. एव्हाना मी बडबडत होते, "उकडतंय का? टोचतंय का? कळलं, कॉलर टोचतेय ना?", आणि शर्टाचं वरचं बटण सोडायला लागले. तेव्हा तो हसला. आता त्याचं हसणं म्हणजे नाकातून एक श्वास. मग त्याने एकेक अक्षर घेत लिहिलं, ब, ट, ण. मी अजून त्याच्या शर्टाच्या बटणालाच हात लावून उभी! मग ट्यूब पेटली.

'बरं आहे' हे बटण काढ.

ते मी त्याच क्षणी, उभ्या उभ्याच काढलं. आणि विचारलं, कसं वाटतंय. सात मिनिटं लागली. मी तोंडावर हात धरून बसले होते, खरोखर हात धरून. त्याने लिहिलं, "खांदा रात्री ठणकतो. दोन महिने झाले."

हाताखालचा टेकू दोन बोटं उंच होता, शैले. स्विच नीट बसावा म्हणून मीच उंच केला होता. तो खाली घ्यायला पाच मिनिटं लागली.

तेव्हापासून झोप नाही. तू जे फोनवर म्हणालीस ते मी यंत्रात बसवून, तारा जोडून, भावाच्या अंगठ्याला बांधलं होतं. आणि एवढ्यावर थांबत नाही. तो दोन अक्षरं घेतो न घेतो तोच पुढचा शब्द सुचवायची सोय आहे ना, तिला शब्द शिकवायला मजकूर लागतो. मी कुठला दिला? माझ्या फोनमधले माझे निरोप. हातात होते, मराठीत होते, भरपूर होते. परिणाम असा की दादा पडद्यावर 'अगदी अगदी' म्हणायला लागला. एकदा 'अय्या' आलं. 'अ' घेतला होता 'अजून'साठी, यंत्राने 'अय्या' पुढे केलं, अंगठा घसरला, आणि ते यंत्र बाईच्या आवाजात सगळ्यांसमोर "अय्या!" म्हणालं. आम्ही पोट धरून हसलो. तोही. आता ते आठवलं की हसू येत नाही.

स्टीफन हॉकिंग गालाच्या एका स्नायूवर लिहायचे, चष्म्याला लावलेला सेन्सर ती हालचाल टिपायचा आणि त्यांच्याही पडद्यावर असाच उजेड फिरायचा. त्यांना शब्द सुचवणाऱ्या यंत्रणेला त्यांचीच पुस्तकं आणि व्याख्यानं शिकवली होती. त्यांचीच, बहिणीचे निरोप नव्हेत. आणि पुढे जास्त चांगले आवाज मिळत असतानाही त्यांनी तो जुना यंत्री आवाज सोडला नाही, तोच आता माझा म्हणाले. हे मी पूर्वी वाचलं होतं गं. वाचून 'किती हट्टी' असं वाटलं होतं.

तू म्हणशील, मग सुचवणंच बंद कर. केलं. तीन दिवस केलं. दुपारपर्यंत छान चाललं, चारनंतर त्याचा अंगठा थकला आणि वाक्यं अर्ध्यावर सुटायला लागली. तू-मी बोलतो मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द (तू दोनशे), त्याला एका मिनिटात एखादाच जमतो. तिथे दोन अक्षरं वाचली तरी ती त्याची ताकद आहे. सोय ठेवली तर मी त्याच्या तोंडात शब्द घालते, काढली तर संध्याकाळी तो गप्प. रोज रात्री मी या दोहोंत येरझारा घालते. सध्या तडजोड अशी, की तीन अक्षरं झाल्याशिवाय काही सुचवायचं नाही, आणि सुचवलेले शब्द सगळ्यांत खालच्या ओळीत. आधी ते वर होते. वर असले की प्रत्येक अक्षराला उजेड आधी त्यांच्यावरून जातो, म्हणजे नको असलेल्या मदतीसाठीही दर वेळी एक टप्पा मोजायचा. हे मला दादाने सांगितलं. हिशेब माझा आणि चूक सापडली त्याला, प्रुफं तपासल्यासारखी.

पहिल्या घरात आता काय आहे विचार. त्यानेच मागून घेतलं, "थांब, संपलं नाही." ते दाबलं की यंत्र मोठ्याने म्हणतं. काल दिवसभरात सहा वेळा म्हणालं, पाच वेळा मला.

तुझं विचारायचं राहिलंच. नवी जागा मानवली का? लेकीचं गाणं चालू आहे ना? तुझ्या साहेबांचं ते प्रकरण मिटलं असं उडत उडत कळलं. पुढच्या पत्रात नीट विचारीन, शपथ.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी तीन दिवस पत्राभोवती घुटमळतेय. यंत्राला दादाचे शब्द हवेत. घरात त्याच्या हातचं काय आहे? दुसऱ्यांच्या मजकुराच्या समासातल्या खुणा, आणि आईला लिहिलेली दोन आंतरदेशीय, त्यांत "मी ठीक, काळजी नसावी." म्हणजे पुन्हा बरं आहे.

त्याची पत्रं तुझ्याकडे आहेत. मला माहीत आहे. किती आहेत तेही माहीत आहे, कारण पोस्टात टाकायला तो मलाच पाठवायचा. तेव्हा मी एकही फोडलं नाही, आणि आत्ताही वाचणार नाही. फोटो काढून पाठवलेस तर टाइप करायला कुणाला तरी वाचावं लागेल, तेव्हा तसं नको. तूच टाइप कर. तुझ्या इन्स्क्रिप्टमध्ये. वाक्यांचा क्रम विस्कटून पाठवलास तरी चालेल, यंत्राला फक्त कुठल्या शब्दामागून कुठला येतो तेवढं लागतं. नावं गाळ. जे द्यायचं नसेल ते देऊ नकोस. आणि काहीच द्यायचं नसेल तर तसं एका ओळीत कळव, मी पुढे एक अक्षर बोलणार नाही. या वेळी खरंच.

तुझी,
नंदा

ता. क. दादाला विचारल्याशिवाय हे पाठवणं बरं दिसेना, म्हणून त्याला वाचून दाखवलं. 'आंतरदेशीय'पाशी नाकातून श्वास. पुढचं त्याचं आहे, नऊ मिनिटं, मी खोलीबाहेर थांबले होते:

माझ्या पत्रांत चुका असतील. दुरुस्त करू नकोस.