रक्ताच्या खोकल्यावर वाफेतून औषध : तालुक्यापर्यंत पोहोचावे

मा. संपादक,

क्षयरोग औषधांनी बरा झाल्यावरही फुप्फुसात राहिलेल्या पोकळ्यांमुळे किंवा रुंदावलेल्या श्वासनलिकांमुळे कित्येकांच्या खोकल्यातून अधूनमधून रक्त पडते. रक्तवाहिनीत नळी घालून असा रक्तस्राव बंद करण्याची सोय मोठ्या शहरांतच असल्याने, धडगाव किंवा भामरागडसारख्या तालुक्यातील रुग्णाचे पहिले काही तास प्रवासातच जातात. त्या तासांत देता येण्याजोगा एक उपचार आरोग्य विभागाने विचारात घ्यावा, यासाठी हे पत्र.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे जपानमधील ओकामोतो दांपत्याने शोधलेले, रक्ताची गुठळी विरघळू न देणारे औषध असून प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठी डॉक्टर ते नेहमी वापरतात. त्याच्याच इंजेक्शनचे द्रावण नेब्युलायझरमधून वाफेसारखे दिले, तर ते थेट फुप्फुसात पोहोचते. इस्रायलमधील ४७ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) दिवसातून तीन वेळा ५०० मिलिग्रॅम औषध मिळालेल्यांपैकी ९६ टक्क्यांचे रक्त पाच दिवसांत थांबले. नुसत्या मिठाच्या पाण्याची वाफ घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ५० टक्के होते. पुढे दिल्लीच्या 'एम्स'मध्ये ११० रुग्णांवर वाफ आणि शिरेतील इंजेक्शन यांची तुलना झाली, तेव्हा अर्ध्या तासात रक्त थांबलेले रुग्ण वाफेच्या गटात ५५ पैकी ४०, तर इंजेक्शनच्या गटात २८ होते. आपल्याच देशातील हा अनुभव मला अधिक मोलाचा वाटतो.

अर्थात या दोन्ही चाचण्या लहान आहेत. इस्रायलच्या चाचणीत फार मोठा रक्तस्राव असलेले रुग्ण घेतलेच नव्हते आणि दिल्लीत वाफ घेतलेल्या दोघांच्या श्वासनलिका आकुंचन पावल्या होत्या, म्हणून दम्याच्या रुग्णावर विशेष लक्ष हवे. मोठ्या रक्तस्रावात रुग्ण दगावतो तो बहुधा रक्त कमी झाल्यामुळे नव्हे, तर श्वासमार्गात रक्त भरून गुदमरल्यामुळे. तेव्हा वाफ चालू आहे म्हणून रुग्णवाहिका बोलावण्यास क्षणाचाही उशीर होता कामा नये. तसेच रक्त थांबले म्हणून थुंकीची तपासणी आणि एक्स-रे राहून गेला, तर नव्याने उलटलेला क्षय किंवा कर्करोग तसाच दडून राहील.

नेब्युलायझर ग्रामीण रुग्णालयांतही दम्यासाठी वापरला जातो. उणीव आहे ती लेखी सूचनेची. औषधाची मात्रा, ते कोणाला द्यायचे नाही आणि रुग्णाला पुढे केव्हा हलवायचे, हे छातीरोगतज्ज्ञांकडून ठरवून घेऊन आरोग्य विभागाने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला कळवावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक