हे 'बिनविरोध' आम्हाला ओळखीचे आहे : केंद्रीय अर्थमंत्र्यांना कोल्हापुरातून खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री महोदया,
सविनय नमस्कार.

मी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर 34 वर्षे दिवाणजी होतो. आपल्याला पत्र लिहावे एवढी माझी पायरी नाही, हे मी जाणतो. पण गेल्या रविवारपासून झोप लागलेली नाही.

ज्या पतसंस्थेत माझे 6 लाख 40 हजार रुपये अडकलेत, तिची त्या दिवशी वार्षिक सभा होती. अकरा विषय बावीस मिनिटांत संपले. पुढच्या चार रांगांत आणून बसवलेली पोरं प्रत्येक विषयाला "मंजूर, मंजूर" म्हणून ओरडत होती. ठेवपावती हातात धरून मी उभा राहिलो, तर माईक धरणाऱ्याने तो माझ्या तोंडासमोरून काढून पुढच्या माणसाकडे दिला. मग संचालक मंडळ बिनविरोध निवडून आल्याचे सांगितले. चेअरमन तेच. त्यांना फेटा बांधला, हार घातला. बाहेर जेवणाचे ताट होते. मी न जेवता घरी आलो.

पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली येते, आपला तिच्याशी संबंध नाही, हे मला कळते. ते गाऱ्हाणे जिथे घालायचे तिथे मी दोन वर्षांपासून घालतो आहे. आपल्याला लिहितो आहे ते दुसऱ्या बिनविरोधाबद्दल, आणि तिथे आपला संबंध थेट आहे. अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीवर भारताचे गव्हर्नर म्हणून नाव अर्थमंत्र्यांचे असते. म्हणजे आमच्या भाषेत ठरावधारक, सगळ्यांच्या वतीने मत देणारे, तुम्ही. 140 कोटी सभासदांचा ठराव तुमच्या हातात आहे.

नाणेनिधीचा पहिला प्रमुख 1946 मध्ये बेल्जियमचा झाला. तेव्हापासून आजपर्यंत बारा जण झाले, बाराही युरोपचे. त्यातले पाच एकट्या फ्रान्सचे. जागतिक बँकेचा अध्यक्ष प्रत्येक वेळी अमेरिका ठरवते. मनिलाच्या आशियाई विकास बँकेवर 1966 पासून जपानी माणूसच बसतो. हे कुठल्याही घटनेत लिहिलेले नाही. तुमच्यात हे, आमच्यात ते, अशी वाटणी करून घेतली आणि ऐंशी वर्षे चालवली. आमच्या जिल्ह्यात दोन गटांनी कारखाना एकाकडे आणि दूध संघ दुसऱ्याकडे ठेवला, तर लोक चावडीवर बसून बोलतात तरी. या वाटणीवर दिल्लीत कुणी चार शब्दही मोठ्याने बोलत नाही.

2019 मध्ये नाणेनिधीच्या प्रमुखपदासाठी बल्गेरियाच्या जॉर्जिएवा बाईंचे नाव पुढे आले तेव्हा त्यांनी वयाची 65 ओलांडली होती आणि नेमणुकीला 65 च्या आतलीच अट होती. ती अटच काढून टाकली. याला आमच्याकडे पोटनियम दुरुस्ती म्हणतात. 2024 च्या एप्रिलमध्ये त्याच पुन्हा आल्या, अर्ज एकच. 2023 मध्ये जागतिक बँकेसाठी अजय बंगा, अर्ज एकच. त्यांना तर आपल्या सरकारने आधीच पाठिंबा जाहीर केला होता. लोक मला सांगतात, अहो, बंगा आपल्या खडकीत जन्मलेले, पुण्याचे. जन्माला आले असतील, मला त्यांचा आदरच आहे. पण त्यांचे नाव अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी दिले, अमेरिकेचे नागरिक म्हणून दिले. ती जागा अमेरिकेचीच राहिली. माणूस आपल्या रंगाचा दिसला म्हणून जागा आपली होत नाही.

आणि शब्द कुणी दिला होता? एप्रिल 2009 मध्ये लंडनला जी-20 ची बैठक झाली. या संस्थांचे प्रमुख खुल्या, पारदर्शक पद्धतीने, गुणवत्तेवर निवडायचे असे सगळ्यांनी मान्य केले. आपले पंतप्रधान तिथे होते. मे 2011 मध्ये भारतासह ब्रिक्सच्या (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका) नाणेनिधीवरच्या संचालकांनी एकत्र पत्रक काढले, की राष्ट्रीयत्व पाहून प्रमुख नेमायची ही रीत सोडा. मी ते कात्रण कापून ठेवले होते. पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या लगार्ड बाई निवडून आल्या. मेक्सिकोचे कार्स्टेन्स उभे होते, पण पत्रक काढणाऱ्या पाच देशांना आपला म्हणून एक उमेदवार ठरवता आला नाही. पत्रक काढायचे आणि पॅनेल उभे करायचे नाही, याला काय म्हणायचे? तेव्हा सरकार दुसऱ्यांचे होते म्हणून हात झटकू नका. 2019 ला, 2023 ला आणि 2024 ला तुम्हीच होता.

मतांचा हिशेब मला नव्याने सांगायला नको, आयुष्य वहीत गेले. नाणेनिधीत भारताची मते 2.63 टक्के. सात कोटींच्या ब्रिटनला चार टक्के. अमेरिकेला साडेसोळा, आणि मोठ्या ठरावाला 85 टक्के लागतात, म्हणजे एकट्या अमेरिकेने मान हलवली नाही की ठराव पडला. डिसेंबर 2023 मध्ये सगळ्यांचा कोटा, म्हणजे ज्यावर मते ठरतात ती भरणीची रक्कम, निम्म्याने वाढवायचा ठराव झाला, तोही ज्याच्या त्याच्या जुन्या प्रमाणात. वाटा होता तेवढाच. आमच्या सहकारात शेअर दहा असोत की हजार, एका सभासदाला एकच मत. त्या तत्त्वाची आम्ही कशी माती केली ते मी रविवारी पाहिलेच, पण कायद्यात ते तत्त्व आहे तरी.

एवढे मनाला लावून का घेतो, असे वाटेल. 1991 साली मी अडतीवर होतो. देशाचे सुमारे 47 टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण गेले. नाणेनिधीकडून कर्ज घ्यावे लागले. त्या खुर्चीत तेव्हा फ्रान्सचे कामदेस्यू होते. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात खत 40 टक्क्यांनी महागले, ओरड झाल्यावर 30 वर आणले. आमच्याकडे गुळाचे रवे घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांची उचल त्या हंगामात कशी फुगली, ते माझ्याच अक्षरात वहीत आहे. करवीर तालुक्यातल्या एका म्हाताऱ्याने बायकोचा साज फडक्यात बांधून आणला होता. शेटजींच्या गादीवर ते फडके सोडताना त्याची बोटे थरथरत होती. गाठ सुटेना, शेवटी मी सोडली. तिकडे कोण खुर्चीत बसतो आणि काय अटी घालतो, त्याची किंमत इकडे कोण मोजतो, ते मी या हातांनी पाहिले आहे. आजही पंचगंगेच्या पुरावरच्या कामासाठी राज्य जागतिक बँकेचेच कर्ज घेते आहे. ते फेडायला माझी नातवंडे आहेत.

माझ्या सहा लाख चाळीस हजारांतून बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन व्हायचे होते. ती आता भिंतीला धरून मोरीपर्यंत जाते. बँकेत ठेवले असते तर पाच लाखांचे विमा संरक्षण होते, पतसंस्थेला तेही नाही. हे मात्र दिल्लीला बदलता येईल. वरपासून खालपर्यंत एकच पद्धत आहे, महोदया. ज्याचे पैसे आहेत त्याला विचारायचे नाही आणि नाव आधी बंद खोलीत ठरवून बाहेर हार घालायचा.

1944 मध्ये ब्रेटन वूड्सला या संस्था ठरल्या तेव्हा देश स्वतंत्र नव्हता, तरी चिंतामणराव देशमुख तिथे भारताच्या बाजूने बसले होते. आणि माझ्या या गावात 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्याचा हुकूम गॅझेटात छापला. पिढ्यानपिढ्या एकाच वर्गाकडे चालत आलेल्या जागा त्यांनी एका हुकुमाने मोकळ्या केल्या. त्यांना तेव्हा कुणाची सहमती मिळाली होती?

बंगांची मुदत जून 2028 ला संपते, जॉर्जिएवा बाईंची सप्टेंबर 2029 ला. त्याआधी भारताने लेखी कळवावे की एकच अर्ज आला तर आम्ही त्या सहमतीत नाही. आफ्रिकेतला, लॅटिन अमेरिकेतला, आपला, कुणीही लायक माणूस शोधा आणि त्याला सूचक व्हा. हरलो तरी चालेल, मते मोजली तर जातील. आणि आपले मत कुणाला आणि का, हे आधी संसदेत सांगा.

उत्तर पोस्टाने पाठवावे. दर बुधवारी सकाळी मी पतसंस्थेच्या दारात असतो. त्या दिवशी पोस्टमन आला तर बायकोला उठून दार उघडायला वेळ लागतो, त्याला थोडे थांबायला सांगा.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी,
कोल्हापूर